घशात करांदा नव्हता

नळ सुरूच होता. कोपरांवरचा साबण कधीच धुऊन गेला होता, तरी डॉक्टर रामकिसन मुळे पाठमोरे उभे राहून हातांवर पाणी घेत राहिले. हेमांगीने उच्चारलेले वाक्य त्या दोघांच्या मध्ये, टेबलावर विसरलेल्या उपकरणासारखे, उघडे पडून होते आणि ते कुणी उचलत नव्हते. बाहेर जनावरे अडकवायच्या खोड्याच्या लोखंडी दांड्याला बांधलेली शेळी मधूनच खूर आपटत होती. कारखान्यांच्या दिशेने येणारा रोजचा किंचित गोडसर वास खिडकीच्या गजांपाशी येऊन थबकल्यासारखा वाटत होता.

"सर, सुकाच्या बैलाच्या घशात करांदा नव्हताच," एवढेच ती म्हणाली होती. "तो पिसाळला होता."

परभणीकडून आलेल्या मुळे डॉक्टरांना बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात गुरांची डॉक्टरकी करून एकतीस वर्षे झाली होती. त्यांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक खोडा आणि एक म्हातारी जीप. हेमांगी माकुणसारची. परळच्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडल्यावर वर्षभर कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली काढावे, असे तिला तिच्या एका प्राध्यापकांनी सुचवले होते, आणि मुळ्यांचे नावही त्यांनीच दिले होते. तिला इथे येऊन सात आठवडे झाले होते. या सात आठवड्यांत ती जे शिकली, ते पाच वर्षांच्या वह्यांत कुठेही नव्हते: गाभण गाईच्या कुशीवर तळहात ठेवून वासराची हालचाल कशी ओळखायची, बुजऱ्या म्हशीशी कोणत्या आवाजात बोलायचे, आणि मालकाने न सांगितलेले त्याच्या अंगणावरून कसे वाचायचे.

आणि उघड्या हाताने घसा कसा तपासायचा, हेही.

रविवारी सुका बोलवायला आला होता. सूर्या कालव्याच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याला त्याचा पाडा. बैलाने मान लांब केली होती, तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि गिळण्याचा प्रयत्न दर वेळी अर्ध्यावर मोडत होता. अंगणात करांद्यांचा ढीग होता. त्या कंदांत बैलाने सकाळी तोंड घातले होते, असे सुका म्हणाला. एवढे पुरेसे होते. घशात करांदाच अडकला, असे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकले होते, आणि डॉक्टरांनी ते सगळ्यांच्या वतीने मान्य केले. हेमांगीने पिशवीतून हातमोजे काढले तेव्हा ते हसले होते.

"काढ ते. हातमोजा घातला की बोटं बहिरी होतात. जनावराच्या घशात काय हाय, ते कातडीला कळतं, रबराला नाही."

हे बोलण्याचा त्यांना अधिकार होता. याच हाताने त्यांनी घशांतून कच्चे आंबे काढले होते, नारळाची अर्धी सोडणे काढली होती, एकदा तर लहान पोराचा रबरी चेंडू. तिने हातमोजे परत ठेवले. सुकाने शिंगे धरली, त्याच्या बायकोने, नवसीने, जबडा फाकवून धरला, आणि त्यांची बारा वर्षांची दीपिका फडक्याने लाळ पुसत राहिली. हेमांगीचा हात कोपरापर्यंत त्या उष्ण, ओल्या अंधारात गेला. काहीच नव्हते. बाहेर काढताना दाढेच्या कडेने तिच्या मधल्या बोटाच्या सांध्यावरची कातडी सोलली. मग डॉक्टरांनी स्वतः हात घातला, बाहेरून मान चोळली, पुन्हा चाचपले आणि म्हणाले, "उतरला. खाली गेला करांदा." सगळा पाडा सैलावला. कुणी तरी चहा टाकला.

पण तिने दोन गोष्टी पाहिल्या होत्या. सगळे चहाकडे वळत असताना बैलाचे मागचे पाय एकमेकांवर अडखळले होते. आणि नाकपुडीच्या बाजूला, केस न उगवलेले, दोन टिंबांसारखे जुने व्रण होते. एक शब्द तिच्या जिभेवर आला होता. तीन आठवड्यांपूर्वी असाच एक शब्द ती चारचौघांत मोठ्याने बोलून बसली होती, चुकली होती, आणि सर हसत म्हणाले होते, "हे कॉलेजचं पुस्तक बोलायलंय." पाड्यातली माणसे कितीतरी वेळ हसत राहिली होती. म्हणून रविवारी तो शब्द तिने चहाबरोबर गिळला.

बुधवारी बैल मेला. आज, शुक्रवारी सकाळी, सुकाचा फोन आला तो दुसऱ्याच कारणाने: जोडीतला उरलेला बैल मेहुण्याकडे ठेवून तो दुपारी सगळ्या घरासह वीटभट्टीवर निघणार होता, आणि हाही तसाच जाईल का, असे त्याला विचारायचे होते. तसाच म्हणजे कसा, हेमांगीने विचारले. सुकाने सांगितले. दोन दिवस फुटक्या आवाजात हंबरत होता. गोठ्याच्या मेढीवर डोके आपटत होता. मागच्या पायांवर बसला तो उठलाच नाही. नवसी बांबूच्या नळकांड्याने गुळाचे पाणी त्याच्या तोंडात ओतत राहिली, शेवटपर्यंत, दिवसातून चार चार वेळा. भातकापणीने चिरलेल्या हातांनी.

नळ बंद झाला.

"पुरावा?" डॉक्टर न वळता म्हणाले.

"नाही."

"डोकं तपासायला पाठवलं असतं तर कळलं असतं. आता मीठ घालून पुरलाय त्याला. जातीस का उकरायला?"

"बैल पुरलाय, सर. माणसं अजून चालतीबोलती आहेत."

त्यांनी टॉवेल घेतला आणि एकेक बोट वेगळे करून पुसले. हे ते नेहमीच करत, पण आज ती क्रिया तिला एखाद्या लांबणाऱ्या मंत्रासारखी वाटली, जो संपला की काही तरी अटळ सुरू होणार होते.

"नुसत्या शंकेवर अख्खा पाडा घाबरवायचा? कुत्रं चावल्याचं सुका काही म्हणाला का?"

"विचारलं आज. गणपतीच्या सुमाराला एक लाळ गाळणारं कुत्रं पाड्यात शिरलं होतं, म्हणाला. ते दगडांनी मारलं. बैलाला चावलं की नाही, कुणी पाहिलं नाही."

"बघ. कुणी पाहिलं नाही."

"मी व्रण पाहिला होता."

हे वाक्य तिने इतक्या हळू उच्चारले की ते ऐकले गेले की नाही हे तिला कळले नाही. तिने सुकाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. निघण्याआधी सगळ्यांनी दवाखान्यात जाऊन सुया घ्यायच्या आहेत, ती म्हणाली. बैलाला जे झाले होते ते माणसाला होऊ शकते.

"मोठा डाक्तर सांगतो का असा?" सुकाने विचारले.

तिने डॉक्टरांकडे पाहिले. ते टॉवेलची घडी घालत होते.

"मी सांगते."

"त्यांनी तं सांगला, उतरला म्हनून." सुकाच्या आवाजात राग नव्हता, लहान मुलाला समजावण्याचा गोडवा होता. "तू भ्यायली हायस, बाय. टेम्पो तीनला हाय. मुकादम कोनासाठी थांबत नाय." फोन बंद झाला.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. भट्टी भिवंडीच्याही पलीकडे होती. तिथून ती माणसे थेट पावसाच्या तोंडावर परतणार. या रोगाची वाट पाहण्याची ताकद हेमांगीला पुस्तकातून ठाऊक होती: तो महिना महिना अंगात मुकाट बसतो, आणि बोलू लागतो तेव्हा ऐकून उपयोग नसतो. आज टोचले तर माणूस वाचतो. उशिरा टोचले तर बहुधा वाचतो. एकदा पाणी पाहून घसा आवळला की मग कुणीच वाचत नाही.

तिने बोटाचा सांधा त्यांच्यासमोर धरला. खपली धरली होती.

"मला कॉलेजात लस टोचली होती. तरी आज मी पुन्हा घेणार आहे. तुम्ही शेवटची कधी घेतलीत?"

"परभणीला असताना," ते म्हणाले. "तुझा जन्म व्हायचा होता."

मग त्यांनी स्वतःचा उजवा हात प्रकाशात धरून उलटासुलटा पाहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा हात तपासायला आला होता. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे दोरखंड घासते, तिथे एक चीर होती. ती रविवारी होती की नंतरची, हे तो हात सांगत नव्हता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला काही कळत नव्हते. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली.

"बस जीपमध्ये."

वाटेत कारखान्यांच्या पाळीच्या बसगाड्या लागल्या, चहाच्या टपरीपाशी हिंदीत हुज्जत घालणारे कामगार लागले. हेमांगीला वाटले, सगळे जग किती निर्धास्तपणे एकमेकांना हात लावते आहे. जीपने कालवा ओलांडला. मग डॉक्टर गिअर बदलता बदलता, रस्त्यावरून नजर न हटवता म्हणाले:

"रविवारीच वाटलं होतं तुला?"

"हो."

"कशावरून?"

"मागचे पाय. आणि नाकाजवळचा व्रण."

"पाय मी पण पाहिले. म्हटलं, उपाशी हाय, थकलाय." एक खड्डा आला, गेला. "बोलली का नाहीस?"

तिने बोटावरची खपली अंगठ्याने दाबली.

"मी हसलो असतो," ते म्हणाले.

"हो, सर."

त्यांनी जीपचा वेग वाढवला.

पाड्यात पोचले तेव्हा सुकाचे घर अर्धे गोणपाटात बांधून झाले होते. भांडी, गोधड्या, पाटीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या. जिवल्या, म्हणजे सुकाचा मेहुणा, उरलेल्या बैलाचा कासरा धरून उभा होता. मोठ्या डॉक्टरांना पाहून सुकाने लगबगीने बाज ओढली, वर चादर टाकली. डॉक्टर बसले नाहीत.

"सुका, नवसी, ऐका. माझं चुकलं," ते म्हणाले.

हेमांगीने त्यांना पुष्कळ अवघड गोष्टी सांगताना ऐकले होते. गाय वाचणार नाही, वासरू मेलेले आहे, म्हैस पुन्हा गाभण राहणार नाही. तेव्हा त्यांचा आवाज एका ठरावीक, थोपटणाऱ्या लयीत येई. आज ती लय त्यांना सापडत नव्हती. ते वाक्य सुरू करत, अर्ध्यावर सोडत, दुसरे उचलत. करांदा नव्हता. रोग होता. कुत्र्याचा. लाळेतून येतो. चिरलेल्या कातडीतून आत शिरतो. आज सुई घेतली तर भिण्याचे कारण नाही. नाही घेतली तर मात्र आहे.

सुका आधी हसला. "डाक्तर चुकल काय? मंग मी आता कुत्र्यावानी भुकू का?"

दीपिकाला हसू आले. आईकडे पाहून तिने ते तोंडातच ठेवले.

नवसी गोधडीची गाठ मारत होती. तिने गाठ पुरी केली, दात लावून आवळली, आणि मगच वर पाहिले. "तुमीच सांगला, उतरला."

"सांगितलं."

"मी इचारला तुमाला, पानी पाजू का. तुमी सांगला, गुळाचा पाज."

"सांगितलं, नवसी."

"तीन दीस पाजला मी."

डॉक्टर पुढे झाले आणि तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. एखाद्या जनावराचे खूर पाहावेत तितक्या निरखून तिचे तळवे पाहिले. विळ्याच्या बारीक रेषा, भाताच्या पात्यांचे ओरखडे, आणि त्यांखाली खोल, कोरड्या भेगा. हेमांगीने मोजायला सुरुवात केली: हे दोन हात, सुकाचे दोन, दीपिकाचे दोन. तिने विचारले, आणखी कुणी हात लावला?

"मी तं शेपटीला धरला व्हता," जिवल्या घाईघाईने म्हणाला. "शेपटीला काय नसतं ना?"

"शेपटीला नसतं," डॉक्टर म्हणाले, "पण तूही चल."

"सुईला मी भितो."

"मीही भितो. दोघं भिऊ."

मुकादमाशी डॉक्टर स्वतः फोनवर बोलले, अंगणाच्या टोकाला जाऊन, बराच वेळ. पाचपर्यंत थांबतो, म्हणाला. त्याच्यापुढे नाही. तेव्हा एक वाजत आला होता. जीपच्या मागच्या फळ्यांवर चौघे दाटीवाटीने बसले. रस्ताभर हेमांगी घड्याळ पाहायचे टाळत होती आणि म्हणूनच दर दोन मिनिटांनी पाहत होती. तिला नवसीचा चेहरा पाहायचा नव्हता. तरीही समोरच्या लहान आरशात तो सतत होता. भिजलेल्या सारवणासारखा, ज्यावर कुणाचाही पाय उमटेल आणि मग तसाच वाळेल.

सरकारी रुग्णालयात गर्दी होती. रांग सरकायला दोन तास लागले. आतल्या परिचारिकेने सगळ्यांच्या चिठ्ठ्या भरता भरता मुळ्यांकडे पाहिले.

"तुम्हालाही? तुम्ही तर डॉक्टर ना?"

"म्हणूनच," ते म्हणाले आणि बाही वर केली.

ते सुकाच्या शेजारी, त्याच बाकावर बसले होते. रांगेत आपला नंबर पुढे यावा म्हणून त्यांनी शब्दही टाकला नव्हता. जिवल्याने डोळे घट्ट मिटले. दीपिका सुईकडे टक लावून पाहत राहिली. नवसीच्या हातांतल्या भेगांभोवती वेगळी, दुखणारी इंजेक्शने द्यावी लागली. तिने दुसऱ्या हाताने बाकाची कड आवळून धरली. पाळी आली तशी हेमांगीनेही बाही वर केली.

प्रत्येकाला एकेक कार्ड मिळाले. दीपिकाने आपल्या घराची तिन्ही कार्डे हातात घेऊन तारखा मोठ्याने वाचल्या. सोमवार. त्यापुढचा शुक्रवार. मग थेट अठ्ठाविसावा दिवस.

"तिथं कोन सोडल आमाला?" सुका म्हणाला. त्याचा विनोद आता संपला होता. "भट्टीवरनं निघाला की दीस गेला. मुकादम बोलतो."

"मी बोललोय त्याच्याशी," डॉक्टर म्हणाले. "मी पुन्हा बोलेन. सोमवारी मी फोन करेन. तिथला जवळचा दवाखाना शोधून ठेवतो."

"हां," सुका म्हणाला. त्या हांमध्ये होकार किती आणि माणसाचा मान राखणे किती, हे हेमांगीला उमगले नाही. आता तिला कळत होते की आजच्या सुईने फक्त दाराची कडी निघाली होती. दार अजून बंदच होते. ते तीनदा, परक्या गावात, या तिघांनी स्वतः उघडायचे होते. आणि त्यासाठी त्यांनी डॉक्टरांच्या ज्या शब्दावर विश्वास ठेवायचा, तोच शब्द रविवारी त्यांना खोटा मिळाला होता.

पाचला दहा मिनिटे असताना जीप फाट्यावर पोचली. टेम्पोत आधीच माणसे, गाठोडी, एक सायकल. जिवल्याने पाड्यावरून सामान आणून द्यायला कुणाला तरी सांगून ठेवले होते. गोणपाटे येऊन पडली होती, कोंबड्याही. सुका वर चढून सामान लावू लागला. डॉक्टर मुकादमापाशी उभे राहून कागदावर काही तरी लिहून देत होते, आणि तो माणूस कागदाकडे न पाहता मान डोलावत होता.

नवसी खाली, रस्त्याच्या कडेला, कार्डे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी कमरेला खोचत होती. पट्टी बांधलेल्या हाताने तिला ते जमत नव्हते. हेमांगी तिच्यापाशी गेली. मदत करावी की नाही हे तिला ठरवता आले नाही, म्हणून ती नुसती उभी राहिली.

"नवसीताई," ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. रविवारी मला शंका आली होती. त्याच दिवशी. बैलाच्या नाकाजवळ दात लागल्याची खूण मी पाहिली होती."

नवसीचा हात थांबला.

"मी बोलले नाही. सर मोठे, ते म्हणाले उतरला, मला वाटलं आपण चुकू, लोक हसतील. मी तेव्हा बोलले असते तर तुम्ही तीन दिवस पाणी पाजलं नसतं."

टेम्पोचे इंजिन सुरू झाले. वरून दीपिकाने आईला हाक मारली. हे सांगणे बरोबर होते की नाही, हे हेमांगीला कळत नव्हते. कदाचित या बाईच्या मनात अजून जो थोडा विश्वास शिल्लक होता, तोही तिने आत्ताच आपल्या हाताने काढून घेतला होता. पण न सांगता सोमवारची तारीख तिच्या हाती देणे म्हणजे पुन्हा तेच झाले असते.

"आता मला पक्कं माहीत आहे, म्हणून सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज इंजिनाच्या धडधडीत बारीक वाटत होता. "सोमवारची सुई चुकवू नका. हात बरा झाला, काही दुखत नाही, असं वाटेल, तरी चुकवू नका. मुकादम नाही म्हणाला तर मला फोन करा, मी स्वतः येईन. तुमची, दादांची, दीपिकाची. सोमवारी जाल ना?"

नवसीने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर हेमांगीला तो धरून ठेवता आला असता. तिथे फक्त एक थकलेले, लांबून केलेले मोजमाप होते, जणू समोरची मुलगी खरी किती आणि भ्यायलेली किती, हे तिला प्रवासभर तोलायचे होते. मग तिने पिशवी कमरेत घट्ट खोचली, पायाशी ठेवलेली कोंबड्यांची पाटी उचलून डोक्यावर घेतली, आणि टेम्पोकडे चालू लागली.